उलट्या पिळाची गणेशवेल

आमच्या सोसायटीत दोन माणसं नऊ वर्षं माझ्यामार्फत बोलत होती. एक माझे शेजारी दगाभाऊ बोरसे आणि दुसरा त्यांच्या समोर राहणारा धर्मेंद्र. दोघांच्या दारांमध्ये फार तर बारा पावलांचं अंतर. पण धर्मेंद्रला पाण्याची टाकी वाहतेय एवढं सांगायचं असलं तरी तो पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत येऊन म्हणायचा, "अरुणाताई, बोरसेंना सांगा, टाकी भरली." दगाभाऊ त्या टाकीखालीच उभे असायचे. ते मान वर न करता मला सांगायचे, "ताई, त्याले सांगा, ऐकू उनं." मी बँकेच्या काउंटरवर तेहतीस वर्षं काढून निवृत्त झालेली बाई. इकडून घ्यायचं आणि तिकडे द्यायचं याची सवय होती म्हणून निभावलं. एरवी माझा स्वभाव काही इतका गोड नाही.

आधी दगाभाऊंच्या नावाचं सांगते, कारण नवीन माणूस तिथेच अडतो. त्यांच्याआधीची तीन भावंडं जगली नाहीत, म्हणून आईने याचं नाव दगड ठेवलं. दगडावर कशाला कोणाची नजर जाईल, असा तिचा हिशेब. दगडूचा दगा झाला आणि मूल चांगलं धडधाकट निघालं. पण अमळनेरकडून बाविसाव्या वर्षी ते सुरतेला आले आणि कडोदऱ्याला भाईदास शेठच्या खात्यात नोकरी मागायला उभे राहिले, तेव्हा शेठने नाव ऐकून पेन खाली ठेवलं. गुजरातीतही दगा म्हणजे दगाच. शेठने विचारलं, नाव असं, मग काम कसं? दगाभाऊ म्हणाले, काम बरोबर. त्या एका उत्तरावर नोकरी लागली आणि एकतीस वर्षं काम बरोबरच होतं.

इथे कारखान्याला खातं म्हणतात. भाईदास शेठचं खातं ट्विस्टिंगचं, म्हणजे तिथे धाग्याला फक्त पीळ द्यायचा, बाकी काही नाही. पीळ दोन तऱ्हेचा. धागा उभा धरून बघितला की पिळाच्या रेषा एस या इंग्रजी अक्षराच्या पोटासारख्या डावीकडून उजवीकडे उतरतात, तो एस. उलट्या बाजूने उतरतात, तो झेड. दगाभाऊ खानदेशी माणूस, त्यामुळे एकचं येक आणि एसचं येस व्हायचं, पण बोटं चुकायची नाहीत. डोळे मिटून धागा चिमटीत फिरवला की सांगायचे. ही विद्या ते घरीही घेऊन यायचे. माझ्या चादरीच्या दशा, देवळातल्या घंटेचा दोर, लग्नात नवरीच्या पदराचे गोंडे, सगळं त्यांनी खिशातली छोटी भिंगाची काच लावून तपासलेलं आहे. नवरीकडच्या मंडळींना ते कापडाचे दलाल वाटले होते.

मग नऊ वर्षांपूर्वी तो लॉट बिघडला. जॉर्जेटच्या कापडाला एस आणि झेड दोन्ही पिळांचा धागा लागतो आणि त्या दिवशी झेड हवा होता. दगाभाऊंनी मशीन एसला लावलं. दोन पाळ्या धागा उलटा पिळून निघाला, तो पुढे लूमवर चढला आणि कापड असं आवळलं की शेठच्या मुलाने त्याची घडी टेबलावर ठेवली तर ती आपोआप गुंडाळली गेली. धर्मेंद्र त्या वेळी तिथे सुपरवायझर होता. त्याने सांगितलं, मी फोनवर झेडचंच सांगितलं होतं. दगाभाऊंनी सांगितलं, याने फोनवर एस सांगितलं, या कानाने ऐकलं. एकाने आईची शपथ घेतली, दुसऱ्याने खानदेशातल्या कानबाई देवीची. शेठने सुपरवायझरचं ऐकलं. एकतीस वर्षं मशीनवर असलेल्या माणसाला धाग्याचे कोन खोक्यात भरायच्या कामावर बसवलं आणि पुढची सात वर्षं, निवृत्त होईपर्यंत, ते तिथेच बसले. त्यांच्या नावाचा विनोद इतकी वर्षं कोणी मोठ्याने केला नव्हता. तोही त्या आठवड्यात झाला. सोसायटीत त्यांना उलटा पीळ असं नाव पडलं आणि पोरंसोरंही ते वापरायला लागली.

मला विचाराल तर दोघेही खोटं बोलणारे नव्हते. हीच पंचाईत होती. धर्मेंद्र आता सुरतेजवळच्या सचिन गावात मोठ्या खात्यात मॅनेजर आहे, मंडळाच्या गणपतीचा अध्यक्ष आहे, जरा ऐट करतो, पण माणूस सरळ आहे. तरुणपणी तो उधन्याला इंग्रजी बोलण्याच्या क्लासला तीन महिने गेला होता. त्यातलं 'यस' तेवढं टिकलं. जेवलास का, यस. आरतीला येतोस का, यस. त्याच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना भटजींनी काहीतरी विचारलं, तर तिथेही यस. दगाभाऊंना तो तेव्हा आप्पा म्हणायचा. लॉट बिघडल्यापासून काहीच म्हणत नव्हता.

दगाभाऊ निवृत्त झाले आणि त्यांच्या बायकोच्या, भागीरथीवहिनींच्या डोक्याला ताप झाला. दगाभाऊंची बोटं थांबेनात. टीव्ही बघताना लुंगीचं टोक पिळायचे, जेवताना भाकरीच्या तुकड्याची वळी करायचे. एकदा त्यांनी वहिनींच्या वेणीला हात घातला आणि हा पीळ ढिला आहे असं सांगितलं. वहिनी दुसऱ्या दिवशी माहेरी गेल्या. रागावून नव्हे, लग्न होतं. येताना त्यांनी पदराच्या गाठीत गणेशवेलीचं बी बांधून आणलं आणि नवऱ्यापुढे सोडलं. म्हणाल्या, आता हिला सांभाळा, मला सोडा.

पहिल्या वर्षी काही जमलं नाही. बी टणक असतं, ते रात्रभर पाण्यात भिजवावं लागतं हे त्यांना माहीत नव्हतं. उगवलेल्या दोन रोपांना त्यांनी इतकं शेणखत घातलं की नुसती बडीशेपेच्या पाल्यासारखी हिरवी झिपरी पानं आली, फूल एक नाही. शिवाय आधाराला त्यांनी खात्यातून आणलेला पॉलिस्टरचा धागा बांधला. सुरतेच्या माणसाला दुसरं काय सुचणार? तो इतका गुळगुळीत की वेल वितभर चढायची आणि सरकून खाली यायची. दगाभाऊ खाली बसून तिला पुन्हा वर चढवायचे. मी कुंपणापलीकडून एकदाच म्हटलं की सुतळी लावा. ते मला म्हणाले, सुतळीत पीळ एकसारखा नसतो. आठ दिवसांनी लावली सुतळीच.

या वर्षी मात्र सगळं शिस्तीत झालं. जूनच्या शेवटी बी भिजवून लावलं, ऊन बघून जागा निवडली, खत मोजकंच घातलं, वेल हातभर झाली की शेंडा खुडला म्हणजे फांद्या फुटतात हे ते शिकले. मावा पडला तेव्हा कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी फवारलं, आणि माझ्या वाळत घातलेल्या साड्यांवरही फवारलं. घराशेजारच्या मोकळ्या जागेत आमचा गणपती बसतो. तिथे दोन लोखंडी पाइप रोवून वर आडवा बांबू बांधला होता. वेली दोन्ही पाइपांवरून चढत होत्या. वहिनींनी माझ्यामार्फत धर्मेंद्रला विचारलं की या वर्षी भाड्याची प्लॅस्टिकच्या फुलांची कमान आणण्याऐवजी हीच कमान केली तर? धर्मेंद्र वरून म्हणाला, यस. त्यामुळे उलटा पीळ म्हणून हिणवलेल्या माणसाच्या हातची वेल देवाच्या दारात उभी राहणार होती. दगाभाऊंनी त्या संध्याकाळी दाढी केली. कुठे जायचं नव्हतं, तरी केली.

फक्त एक गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. पहिल्याच आठवड्यात त्यांना दिसलं होतं की वेल पाइपाला जो वेढा घालते, तो झेड आहे. जगातलं बाकी सगळं सोडून, झेडच. नेमका जो त्यांनी लावला नाही आणि सगळं आयुष्य ज्यापायी नासलं, तोच आता त्यांच्या अंगणात रोज चार बोटं वर चढत होता. त्यांनी काच खिशात टाकली आणि वेलीला पाणी घातलं.

चतुर्थीला पंधरा दिवस होते. दात घासत गॅलरीत उभा असताना धर्मेंद्रला ते दिसलं. पिळाचं नव्हे, वेगळंच. त्याने ब्रश तोंडातून काढला आणि मला हाक मारली. म्हणाला, अरुणाताई, बोरसेंना सांगा, त्यांची वेल उलटी प्रदक्षिणा घालतेय.

मी वर जाऊन बघितलं. खरंच होतं. आपण देवाला प्रदक्षिणा घालतो ती वरून बघितली तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने असते. ही वेल बरोबर त्याच्या उलट फिरत होती. नावाने गणेशवेल आणि गणपतीच्याच दारात उलटी. बघता बघता सोसायटीभर झालं. ज्यांनी जन्मात कधी वेलीकडे मान वळवून बघितलं नव्हतं ते माझ्या जिन्यावर रांग लावून वरून बघायला लागले. आणि खाली उतरताना सगळे एकच बोलत होते की दगाभाऊंचं पुन्हा उलटं. मंडळाची बैठक बसली. ठरलं असं की चतुर्थीच्या आधी वेल सुलटी झाली तर ठीक, नाहीतर कमान भाड्याची.

वहिनी तर आतून हादरल्या. श्रावणात घरी कानबाई बसवणारी, सगळं रीतीने करणारी बाई ती. म्हणाल्या, "देवना दारमा उलटी प्रदक्षिणा चालाव नही." आणि बी माझ्या माहेरचं, त्यात काही खोट नाही, तुम्हीच लावताना काहीतरी उलटं केलं असणार, असंही म्हणाल्या. दगाभाऊंना लोकांचं लागलं नसतं इतकं ते लागलं. मी भिंतीपलीकडे होते, मला ऐकू आलं, आणि मलाही वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून त्यांनी वेल उलगडायला सुरुवात केली. एकेक फांदी पाइपावरून सोडवायची आणि हळूच उलट्या दिशेने गुंडाळायची, म्हणजे प्रदक्षिणाही सुलटी आणि पीळ एस. अंगणात उकिडवे बसून, काच डोळ्याला लावून, ते दोन तास तेच करायचे. सकाळी सगळं सुरेख दिसायचं. संध्याकाळपर्यंत वेल सुटून लोंबायची आणि दुसऱ्या दिवशी तिचे कोवळे शेंडे पुन्हा झेडने निघालेले असायचे. या ओढाताणीत शेंडे मोडत होते, कळ्या गळत होत्या. सहा दिवसांत डावा पाइप निम्मा उघडा पडला. मी म्हटलं, दगाभाऊ, तिला तिच्या मनाने जाऊ द्या, मरेल ती. ते माझ्यावर खेकसले, तुमच्या घरात वेल नाही, तुम्हाला काय कळतं. हे खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. त्या दिवशी मी कोणाचेच निरोप पोचवले नाहीत.

सातव्या दिवशी ते स्वच्छ शर्ट घालून, काच खिशात टाकून बाहेर पडले. मला सांगून गेले की बाकीच्या वेली बघून येतो. मला वाटलं, कोपऱ्यापर्यंत जातील. माणूस तीन दिवस रोज सकाळी जात होता आणि दुपारी येत होता. उधना, सचिन, पलसाणा. जिथे कुंपणावर, खांबावर, तारेवर काही चढलेलं दिसेल तिथे उतरायचं आणि काच लावायची. पलसाण्याला एका मिलच्या भिंतीवर रानटी वेल होती. तिच्याशी वाकून बराच वेळ काही तपासणारा, पांढरा शर्ट घातलेला, चष्म्याशिवाय आणखी एक काच असलेला माणूस बघून वॉचमनला ते प्रदूषण खात्याचे साहेब वाटले. त्याने खुर्ची आणली. मग चहा आला. मग आतून मॅनेजर धावत आला आणि कोणी विचारलं नसताना आमचं पाणी एकदम स्वच्छ आहे असं सांगायला लागला. दगाभाऊंनी चहा घेतला, काच पुसली आणि गंभीरपणे सांगितलं की सगळं झेड आहे. मॅनेजरने त्यांना रिक्षापर्यंत पोचवलं.

शेवटच्या दिवशी ते कडोदऱ्याला गेले. आपल्या खात्याच्या मागच्या भिंतीवर गणेशवेल उगवलेली त्यांना आठवत होती. ते आत गेले नाहीत. बाहेरूनच बघितली. परत आले तेव्हा मी कोथिंबीर निवडत पायरीवर बसले होते. ते माझ्याजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, बठ्ठा झेड शेतस. मन्ही चूक नही. हाऊ मालच झेड शे."

हे वाक्य ते वेलींबद्दल बोलत होते, सगळ्या झेडच निघाल्या होत्या, पण त्यांचे डोळे भरून आले होते. माझी चूक नाही, एवढं म्हणायला त्यांना नऊ वर्षं कोणतीही जागा मिळाली नव्हती. मी कोथिंबीर निवडत राहिले, कारण दुसरं काय करावं ते मला कळेना.

पुढचा दिवस रविवारचा. चतुर्थीला पाच दिवस राहिले होते. भाड्याच्या कमानीचं सांगायचं की नाही हे ठरवायला मंडळाचे चार लोक पाइपाशी जमले. धर्मेंद्र नेहमीप्रमाणे वर गॅलरीत, ब्रश तोंडात. मी मध्ये, पोस्टात बसल्यासारखी. दगाभाऊंनी मला सांगितलं, त्याला सांगा की सुरतेतल्या सगळ्या वेली अशाच जातात. मी सांगितलं. धर्मेंद्र म्हणाला, त्यांना सांगा, बाकीच्या वेली गणपतीच्या दारात नाहीत. मी सांगितलं. दगाभाऊ म्हणाले, त्याला सांगा, हा माल उलटा करून धरला तरी झेडच राहतो, मग त्याला उलटा का म्हणतो? हे मी सांगायच्या आधीच मागून वहिनी पुढे आल्या.

भागीरथीवहिनी सहसा चारचौघांत बोलत नाहीत. आदल्या रात्री त्यांना झोप लागली नसावी. त्या खाली बसल्या, वेलीच्या बुडाशी मान वाकडी करून त्यांनी वर बघितलं, बोटाने हवेत एक वळसा काढला, दुसरा काढला. मग उठून, पदर सारखा करून, सरळ गॅलरीकडे बघून म्हणाल्या, "धर्मा, तू वरतीन देखस. येल खालतीन चढस. तू बी खाल ये नि देख."

धर्मेंद्र खाली आला. अध्यक्ष असल्यामुळे त्याला सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना. वहिनींनी गोणपाट अंथरलं. तो पाइपाच्या बुडाशी उताणा झोपला, डोकं वेलीच्या मुळाशी, आणि वर बघत, बोट फिरवत वेलीच्या मागोमाग गेला. बोट घड्याळाच्या काट्यासारखं फिरत होतं. त्याने पुन्हा केलं. पुन्हा तसंच. खालून बघितली तर वेल अगदी रीतीने सुलटी प्रदक्षिणा घालत होती. मंडळाचे चारही लोक आळीपाळीने वाकून बघायला लागले. एकाने शंका काढली की देव तर वर बसतो, तो वरूनच बघणार. वहिनी म्हणाल्या, मग चतुर्थीला देवाला विचारा, तोवर वेलीला विचारा. दगाभाऊ मात्र बायकोवरच उखडले. त्यांचं म्हणणं, खालून-वरून काही नसतं, पीळ तोच राहतो. वहिनी म्हणाल्या, पिळाचं कोण बोलतंय, मी प्रदक्षिणेचं बोलतेय, तुम्ही गप्प बसा.

सगळे हसले. धर्मेंद्र अजून आडवाच होता आणि दगाभाऊ बरोबर त्याच्या डोक्याशी उभे होते. नऊ वर्षांत ते इतक्या जवळ आले नव्हते. मला वाटतं, मध्ये मी नाही हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. दगाभाऊंनी खाली बघून सरळ त्यालाच विचारलं, "मंग झेडच राहू देऊ?"

जमिनीवरून धर्मेंद्र म्हणाला, "यस."

दगाभाऊंचा चेहरा उतरला. ते पाइपाशी उकिडवे बसले आणि वरची फांदी सोडवायला लागले. बोटं कामाला लागली होती. मालक सांगेल तसा पीळ द्यायचा, हे बोटांना माहीत होतं. एक कळी तुटून धर्मेंद्रच्या कपाळावर पडली.

"आप्पा, हात काय लावताय?" तो ओरडला. "मी यस म्हणालो ना."

"हां," दगाभाऊ म्हणाले. "येसच करी राह्यनू."

मग दगाभाऊंचा हात फांदीवर तसाच राहिला. धर्मेंद्र गोणपाटावर तसाच राहिला, कपाळावर कळी. मला स्वतःला इतकी शरम वाटली की काय सांगू. नऊ वर्षं दोघांचे निरोप मी वाहिले, दोघांची बाजू शंभर वेळा ऐकली, आणि हे मला सुचलं नाही. दोघेही मला उत्तर काय मिळालं, उत्तर काय दिलं, एवढंच सांगत होते. प्रश्न काय होता, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

धर्मेंद्रने पडल्या पडल्याच विचारलं की आप्पा, त्या दिवशी फोनवर तुम्ही मला काय विचारलं होतं? दगाभाऊ म्हणाले, झेड लावू का, एवढंच. धर्मेंद्रने डोळे मिटले. मग उठून बसला, पाठीला माती लागलेली, आणि म्हणाला, "मी हो म्हणालो होतो, आप्पा."

वहिनी आधी हसल्या. तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की हसताना रडायला लागल्या, आणि मग दोन्ही एकदम चालू राहिलं. दगाभाऊ हसले नाहीत. ते म्हणाले, शेठला सांग.

धर्मेंद्रने तिथेच फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. भाईदास शेठ आता ऐंशीच्या पुढे आहेत, धंदा मुलगा बघतो. धर्मेंद्रने सगळी हकीकत सांगितली. पलीकडून शेठने विचारलं, "कयो लॉट?" त्यांना आठवतच नव्हतं. असे लॉट काय, बिघडायचेच, ते म्हणाले. धर्मेंद्रला वाटलं आता झालं, विषय मिटला. पण दगाभाऊंनी त्याच्या हातातून फोन घेतला. आपल्याला ज्यासाठी मशीनवरून उठवलं ते शेठ विसरले, हे त्यांना काही केल्या मान्य होईना. त्यांनी शेठला महिना सांगितला, वार सांगितला, कोणतं मशीन, किती पाळ्या, कापड टेबलावर कसं गुंडाळलं गेलं, सगळं पहिल्यापासून आठवून दिलं. निर्दोष सुटायचं तर आधी आरोपीला स्वतःच खटला उभा करावा लागला. वीस मिनिटांनी शेठला आठवलं. आठवल्यावर ते थोडे रागावलेही. मग दगाभाऊंनी धर्मेंद्रचं यस आणि आपलं येस समजावलं. शेठने एवढंच विचारलं की तेव्हाच का नाही सांगितलंस. दगाभाऊ म्हणाले, तेव्हा मलाच माहीत नव्हतं. मग त्यांनी शेठना गणपतीला यायचं आमंत्रण दिलं.

चतुर्थीला कमान वेलीचीच होती, पण फुलं मोजून तीन उमलली. बाकी कळ्या दगाभाऊंच्या एस पिळाने खाल्ल्या होत्या. धर्मेंद्रने माईकवरून जाहीर केलं की कमान थोडी उशिरा फुलणार आहे, आणि त्यात आप्पांची चूक नाही. कोणी विचारलं नव्हतं, तरी त्याने ते रोज आरतीनंतर जाहीर केलं. यस म्हणणं त्याने सोडलं आहे. आता हो म्हणतो, आणि म्हणण्याआधी थोडा थांबतो. माझं पोस्ट बंद पडलं. पहिले दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी मला करमेना.

पाचव्या दिवशी सकाळी मात्र दोन्ही पाइप खालपासून वरपर्यंत लाल झाले, नुसत्या बारीक चांदण्याच चांदण्या. त्याच दिवशी भाईदास शेठ आले. मुलाच्या हाताला धरून, काठी टेकत, सावकाश. कमानीखाली थांबले, वर बघितलं आणि विचारलं, "बधुं बराबर ने, दगाभाई?"

दगाभाऊंनी खिशातून काच काढली, शर्टाला पुसली आणि शेठच्या हातात दिली. शेठ वाकले. एका हाताने पाइप धरून त्यांनी बुडापासून डोळ्यापर्यंत वेढे बघितले, एकही वेढा न सोडता. मग काच परत दिली आणि म्हणाले, माल पास.